पाठकोरं

सुभाषनगरातल्या तिसऱ्या गल्लीत
घर क्रमांक अडतीसला बेल नाही.
दाराला सुतळी, सुतळीला पितळी घुंगरू.
ओढलं, तशी आतली हातोडी थांबली.

चौतीस पानांचा तक्ता मांडीवर घेऊन
मी विचारते, शाळेत किती वर्षं गेलात?
इंदाक्का सातपुते चामड्यावरची नजर काढत नाही.
“गेलो न्हाई. पोचवायला जात हुतो.
थोरलीला सात वर्षं, धाकल्याला धा,
पावसाळ्यात पाठुंगळी मारून.
ती धरतायसा का?”

रकान्यात दोनच चौकोन.
मी दोन्हीत शून्य भरते.

महिन्याचं उत्पन्न?
“जोडीचं सांगू का हाताचं?
चामडं त्याचं, गिऱ्हाईक त्याचं,
शिक्का दुकानाचा.
येणी तेवढी माझी.”
आणि वेणी घालणारी बोटं वर धरते,
जणू तीच मोजून घ्यावीत.

गेल्या पाच वर्षांत घरात कोणी वारलं?

हातोडी पुन्हा सुरू होते. बराच वेळ.
मी पंख्याकडे बघते, पंखा बंद आहे.
“मालक. शीपीआरला न्हेलं हुतं.
कार्डावर सत्तेचाळीस हाय वय,
जगलं बेचाळीस.
वरली पाच सरकारची. काय लिवायचं ते लिवा.”

परवा शाहूवाडीकडच्या धनगरवाड्यावर
धाकलू बोडेकरला विचारलं होतं,
दवाखाना किती लांब?
म्हणाला, “दोन बिड्या.”
मग थोडं थांबून,
“बाईमाणूस अडलं तर चार. खांदं बदलावं लागत्यात.”
तक्त्याला किलोमीटर हवे होते.
मी अंदाजाने सहा लिहिलं,
आणि उतरताना पूर्ण वाट
ते सहा माझ्या टाचेत खुपत राहिले.

ऑफिसात साहेब समजावतात:
आयुष्य, शाळा, पैसा,
तिन्हींचा गुणाकार, मग घनमूळ,
शून्य, टिंब आणि पुढे तीन अंक.
एवढ्यात अख्खा माणूस मावतो, बाई,
अख्खा जिल्हासुद्धा.
यंदा आपण म्हणे एका बेटाच्या शेजारी बसलोय,
त्याचं नाव साहेबांना दोनदा अडखळूनही
नीट म्हणता आलं नाही.
त्या बेटावरही कोणी असेल माझ्यासारखी,
मासे सुकवणाऱ्या बाईसमोर उकिडवी बसलेली,
तिच्याही तक्त्यात
“ती धरतायसा का” याला जागा नसेल.

“सँडल चावतोय तुमचा,” इंदाक्का म्हणते.
आल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे पाहिलं,
तेही पायांकडे.
“ठेवा पाय. कागद हाय का?”

चौतिसावं पान पाठकोरं होतं.
ती शिसपेन कानावरून काढते,
टाचेपासून अंगठ्याकडे, अंगठ्यापासून टाचेकडे,
गुदगुल्या होतात, मी हसत नाही.

“बरं झालं आत्ता आलायसा.
माप सांजचं घ्यावं.
सकाळचा पाय खोटा असतोय,
दिसभर चालून फुगतोय तेवढा खरा.”

मी उजवा काढून घेते, तर ती म्हणते, “डावाबी.”
एकाचं पुरे की.
“डावा तुमचा मोठा हाय, सुताभर.”
मग सरासरी काढा, मी गमतीनं म्हणते,
आमच्याकडे तसंच करतात.

ती दोरा दातांनी तोडते.
“काढती की.
मग दोन्हीबी चावतील.”

बाहेर रस्त्यावर दिवे लागले आहेत,
उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत उचगावकडे चाललाय.
जोडी पुढच्या बेस्तरवारी मिळेल.
तक्ता मात्र सोमवारीच जमा करायचाय,
चौतिसाव्या पानाच्या पाठीवरच्या
माझ्या दोन पायांसकट,
एक दुसऱ्यापेक्षा सुताभर मोठा.

मी खोडरबर शोधते पिशवीत.
मग शोधत नाही.